मुक्तीचा जाहीरनामा (अमेरिका, १८६३)

अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना प्रेसिडेंट अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ ला काढलेला हुकूम. बंड करून वेगळ्या झालेल्या दक्षिणेतल्या राज्यांमधले गुलाम आजपासून कायमचे मोकळे, असं यात जाहीर केलं होतं. १८६० च्या जनगणनेप्रमाणे देशात जवळपास ४० लाख गुलाम होते.

शाळेत सगळे एका ओळीत शिकतात की लिंकननी गुलामी संपवली, पण सुरुवात गुलामांनीच केली होती आणि ते आधी सांगायला हवं. मे १८६१ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून पळाले आणि थेट उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यात आले. मालकाचा माणूस दुसऱ्या दिवशी त्यांना मागायला आला, कारण पळालेला गुलाम परत द्यायचा असा देशाचा कायदाच होता. तिथला जनरल बेंजामिन बटलर मूळचा वकील, तो म्हणाला तुम्ही तर देश सोडून गेलात ना, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला लागू होईल, आणि या माणसांना तुम्ही आमच्याविरुद्ध तोफांचे मोर्चे बांधायला लावलं होतं म्हणून हा युद्धात जप्त केलेला माल! ‘माल’ हा शब्द वाईटच, पण बातमी पसरली आणि शेकडो माणसं, बायकापोरांसकट, तिकडे यायला लागली. एवढ्या लोकांचं काय करायचं हे आता वॉशिंग्टनला ठरवावंच लागणार होतं.

लिंकननी जुलै १८६२ मध्येच मसुदा मंत्रिमंडळाला दाखवला, पण परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाले आधी एखादी लढाई जिंकू द्या, नाहीतर हरत आलेल्या सरकारची धडपड वाटेल. सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेचं सैन्य मागे हटलं आणि पाचच दिवसांनी, २२ तारखेला, बंडखोरांना १ जानेवारीची मुदत दिली: तोवर बंड थांबवा, नाहीतर तुमचे गुलाम मोकळे.

हुकूम सेनापती या नात्याने, शत्रूविरुद्धचं पाऊल म्हणून काढलेला, त्यामुळे गुलामी असूनही बंडात नसलेल्या केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअरमधले गुलाम यातून सुटले नाहीत. पण काळ्या माणसांना सैन्याचं दार याच कागदाने उघडलं आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठं काम. स्वतः गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस गावोगाव भरतीसाठी फिरले, त्यांची दोन मुलं, लुईस आणि चार्ल्स, ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत गेली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि काळ्याला १० मधून कपड्याचे ३ कापून ७, तरी युद्ध संपेपर्यंत जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक सैन्यात लढले.

टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला गुलाम मोकळे झाल्याची बातमी उत्तरेच्या फौजेबरोबर पोचली ती १९ जून १८६५ ला, तोच दिवस आता जूनटीन्थ, २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी. तोवर लिंकन यांचा खून होऊन दोन महिने झाले होते. सगळ्या देशातली गुलामी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मध्ये, १३ व्या घटनादुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं.

पण त्या दुरुस्तीत एक सूट राहिली, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी. दक्षिणेतल्या राज्यांनी ती लगेच वापरली, काम नाही म्हणून भटकणं हाच गुन्हा ठरवून काळ्या माणसांना पकडायचं आणि कैदी म्हणून मळेवाल्यांना, खाणवाल्यांना भाड्याने द्यायचं. हे पुढे कित्येक दशकं चाललं.