पंच (पेय)

एक किंवा जास्त प्रकारची कडक दारू, आंबट रस, साखर, पाणी (किंवा चहा, फळांचा रस) आणि चिमूटभर मसाला, हे सगळं एका मोठ्या भांड्यात कालवून पळीने वाढायचं गोड पेय म्हणजे पंच. ग्लासागणिक करतात ते कॉकटेल आणि पातेल्यात करतात तो पंच, असा ढोबळ फरक आहे. मुंबईत मात्र बोलताना आता दोन्हीला कॉकटेलच म्हणतात, 'पंच' हा शब्द ख्रिसमस आणि थर्टीफर्स्टच्या पार्टीपुरता उरलाय. हॉटेलात फ्रूट पंच म्हणून मिळतं त्यात दारू नसते, ते इथे घेतलेलं नाही. क्रिकेटचा पंच आणि पंचनाम्यातला पंच यांच्याशी या पेयाचा संबंध नाही असं वाटतं खरं, पण खाली दिलेली एक व्युत्पत्ती मान्य केली तर हे तिघं सख्खे नसले तरी चुलत भाऊ निघतात.

नावाचा घोळ

सगळीकडे छापून येणारी व्युत्पत्ती अशी, की अरक (ताडीसारख्या रसापासून गाळलेली कडक दारू), साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी असे पाच जिन्नस म्हणून 'पंच'. हे पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं ते जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने. तो १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबई, सुरत, जुन्नर असा फिरला आणि त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं १६९८ मध्ये. नेरूळला सगळ्यात चांगला अरक होतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात, आणि हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, असं तो म्हणतो. (हे नेरूळ गोव्यातल्या बारदेशातलं असावं, संदर्भ गोव्याच्या अरकाचा आहे. नवी मुंबईकरांनी हुरळून जाऊ नये.) १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने हीच व्युत्पत्ती रूढ म्हणून दिली आणि मूळ शब्द सांगताना फारसी 'पंज' आणि हिंदीतल्या 'पाँच'च्या जोडीला मराठी 'पाच'सुद्धा मांडला, त्यामुळे आपल्याकडे हे मत जरा जास्तच लाडकं आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली काळाची. 'पंच' हा शब्द इंग्रजीत फ्रायरच्या बराच आधी, १६३२ मध्ये, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कंपनीच्या माणसाने लिहिलेल्या पत्रात सापडतो आणि तिथे पाचाबिचाचं काही नाही, म्हणजे अर्थ सांगणारा माणूस शब्दानंतर निदान चाळीस वर्षांनी येतो. दुसरी अडचण जिनसांची. मँडेल्सलो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेत होता, त्याने 'पालेपुंट्झ' म्हणून जे वर्णन केलंय त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर, मोजून चार. १६६० च्या दशकातला फ्रेंच प्रवासी बर्निए 'बूलपाँज' म्हणतो, त्यात अरक, लिंबू, पाणी, जायफळ, आणि साखर वेगळी सांगितलेलीच नाही. ही दोन्ही विचित्र नावं म्हणजे इंग्रजांचं 'बोल ऑफ पंच', परक्या कानांनी ऐकलेलं. खुद्द फ्रायरही पाच म्हणता म्हणता वैद्यांच्या चार द्रव्यांच्या काढ्याची आठवण काढतो, म्हणजे त्यालाही आकड्याची पक्की खात्री नव्हती असं वाटतं.

तिसरी अडचण उच्चाराची, आणि भाषेचे अभ्यासक सगळ्यात जास्त अडतात ते इथेच. आपला 'पंडित' इंग्रजीत गेला तेव्हा त्याच्या 'अ'साठी त्यांनी यू हे अक्षर वापरलं, तसंच 'पंच'चं झालं म्हटलं तर प्रश्न मिटतो. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच इंग्रजांच्या तोंडी त्या अक्षराचा उच्चार अजून 'उ' असा होता, म्हणजे तेव्हाचा शब्द 'पुंच'च्या जवळ जाणारा असणार (मँडेल्सलोचं 'पुंट्झ' बघा), आणि 'पाच'मधल्या लांब 'आ'वरून तर तिथे पोचताच येत नाही. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो की शब्द जहाजावरचा आहे, दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत, खलाशांनी त्याचं शेपूट तोडलं. या पक्षाची पंचाईत अशी की पिंपावरून पेयाला नाव पडलं असं त्या काळातलं कोणीच लिहून ठेवलेलं नाही, आणि सुरुवातीचे सगळे उल्लेख हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे आहेत. एकूण पाहता शब्द इथल्या बंदरांतून उचललेला असणं जास्त संभवतं, फक्त 'पाच जिन्नस' हा हिशोब मागाहून बसवलेला असावा. पंचामृताच्या देशात तो बसवायला वेळ लागला नसेल.

मुंबईतला हुकूम

मुंबई कंपनीच्या ताब्यात आली १६६८ मध्ये. त्यानंतर २६ वर्षांनी, १६९४ मध्ये, मुंबई सरकारच्या हुकूमवहीत पंचाबद्दल एक नोंद आहे. खानावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट चांगलं 'लाइम वॉटर' मागून घेता येईल आणि आपला पंच आपणच करता येईल. ज्या वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल तो वाडगा सरळ फोडावा, वाडग्याचेही पैसे द्यायचे नाहीत आणि पंचाचेही नाहीत. म्हणजे माप मारणारे तेव्हाही होते. 'लाइम' म्हणजे इंग्रजीत लिंबूही आणि चुनाही, पण इथे लिंबाचा रसच समजायला हवा, गिऱ्हाइकाला चुना लावू नये म्हणून तर हुकूम काढलेला.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पंच गिऱ्हाइकाने स्वतः कालवायचा, म्हणजे घरी पंच करणं ही पार्टीवाल्यांची नवी टूम नाही, मुंबईतली जुनी लेखी रीत तीच आहे. दुसरी गोष्ट प्रमाण. क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, म्हणून अरक चार भाग तर लिंबाचा रस एक भाग, आणि साधारण एक लिटर अरकाला २४० ग्रॅम साखर. हे प्रमाण आजच्या जिभेलाही चालतं. मसाला आणि पाणी हुकुमात नाही, पाणी फुकट म्हणून असेल.

अरक म्हणजे गोव्याकडचा, माडाची ताडी गाळून काढलेला. मुंबई बेटावर माड-ताड चढून ताडी काढायचं काम भंडारी समाजाकडे होतं, १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर त्या धंद्यावर कर आणि परवान्यांचा फास आवळत गेला. बर्फ या सगळ्यात बराच उशिरा आला, १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने, म्हणजे पहिली दीड-दोनशे वर्षं मुंबईकर पंच कोमटच प्यायले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर प्यायचं ठिकाण चोरून दारू विकणाऱ्या आंटीचा अड्डा नाहीतर परमिट रूम, तिथे वाडगे कुठले.

घरी करायची रीत

दहा-बारा ग्लासांचा हिशोब. डार्क रम दोन क्वार्टर (३६० मिली) आणि ब्रँडी किंवा व्होडका एक क्वार्टर (१८० मिली). दोन दारू एकत्र केल्या की जास्त चढते हा समज आहे, चढतं ते एकूण अल्कोहोल. मिश्रणाचं कारण चवीचं आहे, रमने गुळाचा आणि व्हॅनिलाचा वास येतो आणि दुसरी दारू ते जडपण कमी करते. व्हिस्की शक्यतो नको, धुरकट वास फळांशी भांडतो. हुकुमाच्या प्रमाणात लिंबाचा रस १३५ मिली, म्हणजे नऊ-दहा रसदार कागदी लिंबं, आणि साखर १३० ग्रॅम. डबाबंद ज्यूस वापरणार असाल तर साखर निम्मी करा, कारण त्यात आधीच असते. वर अर्धा लिटर फळांचा रस आणि ३०० मिली फिका कोरा चहा, चहाच्या तुरटपणाने गोडवा डोक्यावर बसत नाही.

खरी किमया सालीत आहे. आदल्या रात्री साखरेत संत्र्याच्या आणि ईडलिंबाच्या साली (पांढरा भाग न येऊ देता) चुरडून झाकून ठेवायच्या, साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि सकाळी ती ओली, सुगंधी झालेली असते. कागदी लिंबाची साल फार पातळ, सोलताना पांढरं येतंच आणि कडवट होतं, म्हणून तिचा फक्त रस घ्यावा. मग गरम चहात ती साखर विरघळवायची, गाळायची, गार झाल्यावर रस आणि दारू. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, कल्हई नसलेल्या पितळेला आणि अॅल्युमिनियमला आंबट चालत नाही. जायफळ शेवटी किसून, तेही बेताने, पुरणपोळीचा वास यायला नको.

फळात अननस आणि पेरू हे भरवशाचे. पेरूचा रस असेल तर ग्लासाच्या कडेला तिखट-मीठ लावतात आणि मुंबईत त्याला तोड नाही. हापूसचा रस दाट असतो, चहाऐवजी थंड पाणी वाढवावं लागतं. कोकमाचं आगळ घालू नये, त्यात मीठ असतं, अमृत कोकम चालतं पण मग साखर अजिबात नको. जांभूळ तुरट. कलिंगड म्हणजे नुसतं पाणी. सोडा किंवा इराण्याकडे मिळतं ते रास्पबेरी घालायचं तर वाढायच्या वेळी, आधी घातलं तर गॅस जातो. बर्फ सुटा नको, डब्यात पाणी गोठवून एकच मोठी लादी करावी, हळू विरघळते.

वरच्या मापात बर्फाचं पाणी धरून साधारण १८५० मिली पंच होतो. भारतात रम, ब्रँडी वगैरे बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते (ब्रिटिश मोजणीत २५ अंडर प्रूफ, तिथून हा विचित्र आकडा आलाय), त्यामुळे पंच साडेबारा टक्क्यांच्या आसपास बसतो, वाइनइतका. १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे जवळजवळ दीड छोटा पेग. गोडामुळे ते जाणवत नाही, लोक सरबतासारखे चार ग्लास पितात आणि मग जिना उतरताना कळतं.

वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला 'खिमाड' करतात, गावठी दारूत साखर, दालचिनी, लवंग, गवती चहा घालून गरम वाढायचं. त्याला पंच म्हणत नाहीत, पण घडण तीच आहे, आंबट तेवढं नाही.

घरी कालवणं आणि घरी गाळणं यात कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाळणं गुन्हा आहे. प्यायला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. सुटी दारू पंचात खपवायचा मोह होतो, कारण फळांत वास बुडतो. पण मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली.

उरलेला पंच गाळून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, सोडा घातलेला टिकत नाही. तळाला राहिलेले अननसाचे तुकडे दारू शोषून बसलेले असतात आणि दिसायला फ्रूट सॅलडसारखेच दिसतात, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर ते पातेलं रात्रीच रिकामं करून घासायला टाकावं.