पत्ता बदलला तरी हाकेला ओ

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरी वायफायवर चौदा वस्तू आहेत. त्यातली सगळ्यात गरजेची म्हणजे हौदातलं पाणी वर चढवणाऱ्या मोटरचा स्विच. एकदा लाइट जाऊन आली, राउटर नव्यानं सुरू झाला आणि त्यानं या स्विचला वेगळाच पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, दिला. मोटर लावणारी माझी स्क्रिप्ट (पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम) जुन्या पत्त्यावर निरोप पाठवत राहिली आणि सकाळी वरची टाकी कोरडी निघाली. पत्ते असे बदलणार हे १९९३ मध्ये डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत, आली तेव्हापासूनच ठरलेलं आहे. राउटर पत्ता देतो तो ठरावीक मुदतीपुरता, मालकीनं नव्हे.

मग वस्तू शोधायची कशी? उत्तर जुनं आहे: दवंडी पिटायची. १९८२ च्या एआरपीमध्येच, म्हणजे पत्त्यावरून उपकरण शोधण्याच्या नियमातच, ते दिसतं. ‘हा पत्ता कोणाचा?’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. ज्याचा असेल तो आपला मॅक क्रमांक, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, सांगतो. पण पत्ता आधी ठाऊक हवा. ‘इथे प्रिंटर कोणी आहे का?’ असं कामावरून विचारायची सोय ॲपलच्या संगणकांना जोडणाऱ्या १९८५ च्या ॲपलटॉकमध्ये होती. पुढे सगळीकडे आयपी, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची पद्धत, आली आणि ती सोय मागे पडली. ॲपलचे अभियंते स्टुअर्ट चेशायर यांनी ती परत आणण्याचा ध्यास घेतला. त्यातून २००२ मध्ये ॲपलचं राँदेव्हू आलं, २००५ मध्ये त्याचं बाँजूर झालं, आणि त्यामागच्या एमडीएनएस या नावानं हाक मारायच्या पद्धतीचं अधिकृत मानक छापून यायला २०१३ उजाडलं.

दुसरी वाट मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारानं १९९९ मध्ये सुरू झाली: यूपीएनपी, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना आपोआप शोधायची पद्धत. मला तिची दवंडी फार आवडते, कारण ती डोळ्यांनी वाचता येते. स्क्रिप्टनं २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर (पत्त्यावरच्या ठरावीक दारावर) चार-पाच ओळींचा साधा मजकूर टाकायचा. पहिल्या ओळीत ‘एम-सर्च’, पुढे कोणाला शोधतोय ते, आणि ‘एमएक्स’ नावाची एक ओळ. या ओळीत सेकंद लिहायचे. प्रत्येक उपकरण तेवढ्या अवधीत मनाला येईल तितकं थांबून ओ देतं, म्हणजे सगळ्यांचा एकदम गलका होत नाही. उत्तरात एका एक्सएमएल फाइलचा, म्हणजे खुणांनी मांडलेल्या साध्या मजकुराचा, पत्ता असतो. ती उघडली की टीव्ही स्वतःच सांगतो, मी कोण आणि माझ्याकडून काय काय करून घेता येईल. १९९१ पासून लोकांच्या हाती असलेल्या पायथनमध्ये हे सगळं सॉकेटच्या (नेटवर्कवर निरोप धाडायच्या सोयीच्या) दहा-पंधरा ओळींत बसतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. झोपलेला संगणक उठवायचा निरोप तर त्याहून सोपा: एफएफ हा बाइट सहा वेळा, मग सहा बाइटचा मॅक क्रमांक सोळा वेळा, एकूण १०२ बाइट.

या रचनेत एक मोठी उणीव राहिली. घरातले सगळे विश्वासाचे, असं यूपीएनपीनं गृहीत धरलं आणि मूळ नियमांत ओळख पटवण्याची सक्ती ठेवली नाही. ही दवंडी राउटरच्या बाहेरून ऐकू येता कामा नये. तरी कोट्यवधी उपकरणं बाहेरच्यांनाही ओ देतात, हे २०१३ मध्ये उघड झालं.

तोवर कंपन्यांनी वेगळाच रस्ता धरला होता. स्विच भिंतीवर, पण हुकूम परदेशातल्या सर्व्हरवरून. माझ्या घरातली मोटर लावायला इंटरनेट लागावं हे मला पटत नाही. तसं न पटणारे पुष्कळ निघाले. २०१३ मध्ये पॉलस स्काउटसेन यांनी पायथनमध्ये होम असिस्टंट हे घरातली उपकरणं घरातूनच चालवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. सुरुवात झाली ती दिवे मावळतीला आपोआप लावण्यापासून. वेगवेगळ्या कंपन्यांच्या घरगुती उपकरणांसाठीच्या २०२२ च्या मॅटर या सामाईक मानकानंही घरातल्या घरात नियंत्रण ठेवलं आणि वायफायवरच्या वस्तू शोधायला तेच एमडीएनएस घेतलं.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता पत्ता लिहिलेलाच नाही. पहाटे साडेपाचला ती आधी २२४.०.०.२५१ वर, ५३५३ पोर्टवर हाक मारते, स्विच नावानिशी ओ देतो, ती मॅक क्रमांक पडताळते आणि मगच मोटर लावते.