रायफलीची नळी झिजते, पण गोळीने नव्हे

हरणांच्या शिकारीला वापरतात तशा रायफलीत दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण सव्वा मिलिसेकंद लागतो. अशी एखादी नळी ३००० बारांनंतर निकामी झाली, तर तिने आयुष्यात एकूण काम केलं किती वेळ? पावणेचार सेकंद.

एवढ्या वेळात पोलाद झिजतं कसं? याचं उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं: गोळी घासून. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. रायफलीच्या गोळीवर बहुधा तांब्याचं आवरण असतं, ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. नळी क्रोम-मॉलिब्डेनमच्या कणखर पोलादाची. मऊ तांब्याने पोलाद थोडंफार घासलं जातही असेल, पण तेच मुख्य कारण असतं तर नळी सर्वांत जास्त तोंडाशी झिजायला हवी होती, कारण तिथे गोळीचा वेग सर्वाधिक असतो. प्रत्यक्षात घडतं नेमकं उलटं. झीज होते ती काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढे, पहिल्या दोन-चार इंचांत. तिथे गोळीने अजून वेगही धरलेला नसतो. या भागाला नेमबाज ‘थ्रोट’ म्हणतात, आणि नळीचा मृत्यू लिहिलेला असतो तो इथेच.

तिथे दारूच्या ज्वाळेचं तापमान अडीच ते तीन हजार अंश सेल्सिअस असतं. पोलाद साडेचौदाशे-पंधराशेला वितळतं. शिवाय वायूचा दाब चौरस इंचाला ६०,००० पाउंड, म्हणजे वातावरणाच्या चार हजार पट. मग पहिल्याच बाराला नळी वितळून का जात नाही? कारण वेळ पुरत नाही. पोलादात उष्णता किती खोल शिरते हे वेळेच्या वर्गमुळावर ठरतं: वेळ चौपट केली तर खोली फक्त दुप्पट होते. एका मिलिसेकंदात उष्णता जेमतेम ०.१ मिलिमीटर आत पोचते. आख्खी नळी एका बाराने चार-पाच अंशच तापते. हात लावला तर कळणारही नाही. आतली ती कागदाएवढी पातळ त्वचा मात्र क्षणभर आठशे-हजार अंशांच्या घरात जाऊन येते.

धातुशास्त्र शिकलेल्या माणसाला खरी मजा इथून पुढे आहे.

ही तापलेली त्वचा प्रसरण पावू पाहते. पण तिच्याखालचं जाडजूड पोलाद थंडच असतं आणि ते तिला हलू देत नाही. त्यामुळे त्वचा जागच्या जागी चेपली जाते, कायमची. बार संपला की पुढच्या काही मिलिसेकंदांत ती थंड होऊन आकसते. आता ती जागेला अपुरी पडते आणि ताणली जाते. चेपणं, ताणणं, पुन्हा चेपणं, असं शेकडो वेळा झालं की तिला बारीक भेगा पडतात. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते. ७३० अंशांच्या आसपास पोलादाची स्फटिकरचना बदलू लागते, ऑस्टेनाइट तयार होतं. खालच्या थंड धातूने त्याची उष्णता झटकन ओढून घेतली की त्याचं मार्टेन्साइट बनतं: अतिशय कठीण आणि तितकंच ठिसूळ. लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा हेच करतो. पण नंतर तो पातं हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतो. नळीला ती सवलत नसते.

वर त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्यातला कार्बन तापलेल्या त्वचेत मुरतो. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. सव्वाचार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरलं की तेच लोखंड ११४७ अंशांना पाणी होतं. म्हणजे दारू नळीला नुसती भाजत नाही, तिचा वितळणबिंदू चारशे अंशांनी खाली आणायच्या खटपटीतही असते. मग भेगांमध्ये तप्त वायू घुसतो, भेगांच्या कडा गिळतो, दोन भेगांमधला ठिसूळ तुकडा सुटतो आणि पुढच्या बाराबरोबर उडून जातो.

बोअरस्कोप नावाचा सुईसारखा कॅमेरा नळीत घातला तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. नव्या नळीत थ्रोट चकचकीत, रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या नागमोडी खाचा-उंचवट्यांच्या) कडा धारदार. हजार-दीड हजार बारांनंतर तिथे राखाडी, खरखरीत पट्टा असतो, त्यावर जाळीदार भेगा असतात आणि रायफलिंगचे उंचवटे सुरुवातीला बोथट झालेले असतात. तिथून पाच-सहा इंच पुढे गेलात की नळी पुन्हा नव्यासारखी.

एकदा दोषी वायू आहे हे कळलं की कोणती नळी किती टिकेल याचा अंदाज बांधता येतो. प्रश्न एवढाच: केवढ्या भोकातून किती दारू जाळता? .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली आलं. त्याच्याच पितळी पुंगळीची मान आवळून १९५५ साली .२४३ विंचेस्टर झालं. दोन्हींत दारू जवळपास सारखीच, पावणेतीन-तीन ग्रॅम. पण पहिल्याच्या भोकाचं क्षेत्रफळ ४८ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्याचं ३०. म्हणजे चौरस मिलिमीटरमागे एकीकडे ६० मिलिग्रॅम दारू, दुसरीकडे ९०. .३०८ च्या नळ्या पाच हजार बार सहज काढतात. .२४३ च्या दीड ते अडीच हजारांत थकतात. .२६४ विंचेस्टर मॅग्नम तर चौरस मिलिमीटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास जाळतं, आणि त्याला ‘नळीखाऊ’ म्हणून बदनामी मिळाली ती उगाच नाही. उलट .२२ ची साधी रायफल चिमूटभर दारूवर शिशाची गोळी सोडते. तिची नळी झिजवायला आयुष्य पुरत नाही.

याचं टोक पाहायचं तर १९१८ साली जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर डागलेली तोफ पाहावी. दर बाराला नळी इतकी झिजे की प्रत्येक पुढचा गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड बनवलेला आणि त्यावर क्रमांक घातलेला असे. साठ-पासष्ट बारांनंतर नळी काढून आतून रुंद करायला पाठवत.

दारू कोणती, यानेही फरक पडतो. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या बिनधुराच्या दारूत, ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. ते इतकं तप्त जळे की ली-मेटफर्ड रायफलीचं उथळ, गोलसर रायफलिंग पार धुऊन निघालं. १८९५ साली खोल, चौकोनी खाचांची ली-एनफिल्ड आली आणि बोअर युद्धानंतर नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर उतरवलं गेलं. निलगिरीतला अरुवनकाडूचा कॉर्डाइट कारखाना याच काळातला.

आता शिकाऱ्याचं काय? पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनमधला हरणांचा शिकारी हंगामाआधी नेम तपासायला काही बार काढतो आणि हंगामात दोन-तीन. वर्षाला वीस धरले तरी .२४३ ची नळी त्याच्या नातवापर्यंत जाईल. दक्षिण डकोटा, वायोमिंगच्या माळरानावर प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) मारणारे दिवसाला शेकड्यांनी बार काढतात. तिथे गणित फिरतं. नळी आधीच दीडशे अंशांवर असेल तर आतली त्वचा प्रत्येक बाराला तेवढी जास्त वर जाते आणि वर सांगितलेले सगळे उंबरठे ओलांडते. तेच काडतूस, तीच दारू, नुसत्या घाईने नळीचं आयुष्य निम्म्यावर येऊ शकतं.

आणि नळी ‘मेली’ हे ठरवायचं कोणी? शंभर यार्डांवर एका इंचात पडणाऱ्या गोळ्या दोन इंचांत पडू लागल्या की स्पर्धेतला नेमबाज ती नळी भंगारात काढतो. हरणाच्या छातीचा मर्मभाग वीसेक सेंटिमीटरचा. शिकाऱ्याला हा फरक जाणवतही नाही.

या क्षेत्रातही कर्मकांडं आहेत. नवी नळी ‘रुळवायची’ म्हणून एक बार, मग साफसफाई, पुन्हा एक बार, पुन्हा साफसफाई. कोणी पाच वेळा सांगतो, कोणी पन्नास. थ्रोटमधले हत्याराचे ओरखडे पहिल्या काही बारांत थोडे गुळगुळीत होतात हे खरं, पण ते मध्ये साफसफाई नाही केली तरी होतातच. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना हसणारे लोक हा विधी मात्र छापील पत्रकाबरहुकूम पाळतात. अडीच-तीन हजार अंशांच्या ज्वाळेला सोवळंओवळं कळत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आणि काही घरांत जुन्या रायफली उरल्या आहेत. त्यांच्या नळ्या खराब होतात त्या बारांनी नव्हे, गंजाने. काळ्या दारूची राख दमट हवेतलं पाणी ओढते. जुन्या काडतुसांची दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात ते नळीत राहिलं तर चार दिवसांत लाल गंज धरतो. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत आधी उकळतं पाणी ओतत आणि मग तेल लावत. नुसत्या तेलात मीठ विरघळत नाही. दुसरा शत्रू साफसफाईची सळई. ती तोंडाकडून घालून रोज रगडली की नळीच्या तोंडाची कड एका बाजूने घासते, आणि गोळी बाहेर पडताना तिथेच वाकडी होते. गोळीने न झालेलं काम असं निगेने होतं.

थ्रोट गेलेली नळी वाचवताही येते. कारागीर ती मागच्या बाजूने इंच-दीड इंच कापतो, पुन्हा आटे पाडतो आणि चेंबर नव्याने कोरतो. सर्वांत भेगाळलेला भाग निघून जातो, उरलेली नळी बरीचशी कोरीच असते. स्पर्धेच्या जाड नळ्यांवर हे सर्रास करतात. शिकारीच्या रायफलीची नळी वजन वाचवायला चेंबरच्या पुढे लगेच निमुळती केलेली असते. तिथे कापायला पुरेशी जाडी उरत नाही, त्यामुळे नवी नळीच बसवावी लागते.