च्यायला, भेंडी आणि ‘अश्लील’: मुलांच्या शिव्यांच्या वादाची पार्श्वभूमी

मुलांनी शिव्या द्याव्यात का, हा प्रश्न मुंबईतल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या आईबापांना पडलाच नसता. पोराच्या तोंडून शिवी ऐकू आली की कानाखाली बसायची आणि विषय तिथेच मिटायचा. शाळेतही पट्टी होती, अंगठे धरून उभं राहणं होतं. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या १७व्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. घरातही हात उचलणं हळूहळू लाजिरवाणं वाटू लागलं. मारायचं नाही म्हटल्यावर कारण सांगावं लागतं, आणि सांगायला बसलं की हे कारण आपण आजवर नीट मांडलेलंच नाही, हे ध्यानात येतं. आजच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

फार मागे जायला नको. शिमग्यात पोरांना बोंब मारायची, अचकटविचकट बोलायची मुभा होती. सुधारकांना तीही खुपली. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील बोलणं-गाणं २९४व्या कलमाखाली गुन्हा ठरलं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत त्याचा आकडा २९६ झाला, मजकूर बहुतांश तोच. राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही रस्त्यावरच्या असभ्य भाषेला मनाई आहे. पण सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच धरलं जात नाही आणि सात ते बारा या वयात समज किती ते पाहतात. हे कायदे लिहिताना मुलांचं बोलणं कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

मूल कायद्यात आलं ते वाचणारं आणि ऐकणारं म्हणून. इंग्लंडमधल्या १८६८ च्या एका निवाड्याने कसोटी घालून दिली: ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशांच्या हाती हा मजकूर पडला तर काय होईल? १९६४ मध्ये मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी लावली. १९६२ च्या एका मराठी दिवाळी अंकातल्या कथेवरही खटला झाला. १९६९ मध्ये तो निकाली काढताना त्याच न्यायालयाने वेगळा सूर लावला: कामभावनेचा नुसता उल्लेखही किशोरवयीनांना वर्ज्य ठरवला तर त्यांनी फक्त धार्मिक पुस्तकंच वाचायची का? जुनी कसोटी २०१४ मध्ये सोडून देण्यात आली. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत १९८३ साली ‘यूए’, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहावं असं प्रमाणपत्र, आलं, २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे झाले. या सगळ्यात पोराच्या कानांची काळजी आहे. त्याच्या तोंडाबद्दल एक ओळ नाही.

ते तोंड मला जवळून माहीत आहे, ऐंशीच्या दशकातल्या गिरणगावातलं. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेली घरं पुष्कळ, आणि मालवणीत शिवी जशी रागाची तशी लाडाचीही असते. ‘मेल्या, जेवलस काय?’ असं आजीने विचारलं तर नातवाला त्यात माया ऐकू यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पाळ्या बंद पडल्या, बाप दिवसभर गॅलरीत बसू लागले, आणि जे बोलणं गिरणीच्या खात्यात साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात विरून जायचं ते पोरांच्या कानावर पडू लागलं. तेच शब्द पोराने उच्चारले की मात्र थप्पड.

थप्पड चुकवायला बोलण्यात पळवाटा तयार झाल्या. ‘तुझ्या आईला’ झिजून ‘च्यायला’ झालं होतंच, त्याचं आणखी झिजून ‘आयला’. ‘आईच्या गावात’ म्हणताना गावावर वाक्य थांबवायचं. पुढे हिंदीतली बहिणीवरची शिवी अर्धी गिळून ‘भेंडी’ आली. आई ओट्यापाशी खरीच भेंडी चिरतेय, बाहेर कॅच सुटला म्हणून पोरगा ‘भेंडी!’ ओरडतोय, आणि तिला काय बोलावं ते कळत नाही. मुलींना मात्र यातलं काहीच चालत नसे, ‘च्यायला’सुद्धा नाही. त्या ‘अय्या’वर थांबल्या तर चांगल्या घरातल्या.

आता यातली शिवी कोणती? उगम पाहिला तर सगळ्याच. वापर पाहिला तर एकही नाही; कॅच सुटल्याची हळहळ आहे नुसती. मोठी माणसं उगम धरून बसतात आणि मुलं वापर. ‘अपशब्द’, ‘असभ्य’, ‘अश्लील’ हे तीन शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो, त्यामुळे भांडण सुटत नाही. कॉलेजातल्या मुलांवरच्या एका वेबमालिकेच्या खटल्यात हाच गुंता थेट न्यायालयात गेला. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायाधीशांनी ती भाषा अश्लील ठरवली आणि भाग पाहताना इअरफोन लावावे लागले, असंही नोंदवलं. वर्षभराने, मार्च २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी ती देणाऱ्याच्या मनात राग, वैताग, आश्चर्य असं काहीतरी असतं. ऐकणाऱ्याची वासना त्याने चाळवत नाही. भाषा असभ्य असेल, तेवढ्याने ती अश्लील होत नाही. चाळीतली पोरं वर्षानुवर्षं हेच सांगत होती.

तरीही सगळं मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही. थप्पड बसायची ती देहाच्या आणि आईबहिणीच्या शब्दांवर. जातीचं नाव शिवीसारखं फेकलं, एखाद्याला ‘ए लंगड्या’ म्हणून हाक मारली, तर आमच्या मजल्यावर कुणाचा हात उठल्याचं मला आठवत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवलं, पण घरातल्या वळणात तो कायदा फारसा उतरला नाही. सुटलेल्या कॅचवरची ‘भेंडी’ कुणाला लागत नाही. हे शब्द लागतात, आणि ज्याला लागतात तो बहुतेकदा वर्गातला एकटा असतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वन रूम किचनमध्ये हेडफोन लावून खेळणारी मुलं आईबापांना पहिल्यांदाच तासन्‌तास ऐकू आली. आता पळवाट नव्हती. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं पूर्ण उच्चारात. त्यातला सर्वांत लाडका खेळ, पबजी, सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला तो शिव्यांमुळे नव्हे, चिनी ॲपवरच्या बंदीत. मुलं दुसऱ्या खेळात गेली आणि बोलणं तसंच राहिलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला आणि शाळकरी मुलांना संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल बंद केला. दंड ठरला तो सगळ्यांनाच, मोठ्यांनाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मुंबईत असा ठराव करायला चाळीची सभाही उरलेली नाही. टॉवरमधल्या सोसायटीत सभा होते ती पार्किंगवर. प्रश्न शाळेच्या डायरीवर येऊन थांबतो. लाल शाईत ‘अपशब्द वापरले, पालकांनी सही करावी’ एवढंच असतं. शब्द ‘च्यायला’ होता की कुणाची जात, हे त्यात लिहिलेलं नसतं.