मंत्री नसलेला आमदार सभागृहात करतो काय? थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात निकाल लागला की पहिली चर्चा एकच, आपल्याला मंत्रिपद मिळणार का, आणि नाही मिळालं तर आमदार वाया गेला म्हणून मोकळे. पण सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या, १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, मग त्याच मतदारसंघातून शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडूनच एकूण ११ वेळा, मंत्रिपद मिळालं ते १९७८ आणि १९९९ ला, तेही थोडाच काळ, बाकी हयात विरोधी बाकावर. दुष्काळी तालुक्याचं पाणी, रोजगार हमी, शेतमजूर, सूतगिरण्या, आबा (लोक त्यांना असंच म्हणायचे) सगळ्यावर तयारीनं बोलायचे.

यासाठी लागणारी हत्यारं मात्र हळूहळू मिळत गेली. इंग्रजांच्या १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तर आलं की गप्प बसायचं. १९०९ ला उपप्रश्न, म्हणजे उत्तरावर तिथंच विचारायचा पुढचा प्रश्न, आला, तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच, आणि १९१९ नंतर बाकीच्यांनाही. खरी मजा या उपप्रश्नातच आहे हो. विधानसभेच्या तारांकित (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची यादी कधी वाचा, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय’, आणि समोर सरकारचं उत्तर, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्या ‘अंशतः’ला धरून जो आमदार उठतो आणि मंत्र्याला घाम फोडतो तो खरा.

लोकसभेत १९५४ ला लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) आली, साठच्या दशकात शून्य प्रहर (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायची वेळ). मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेल्या, म्हणजे अशासकीय विधेयकांचं मात्र नावच मोठं, स्वातंत्र्यानंतर संसदेत फक्त १४ पास झाली, शेवटचं १९७० ला. त्यात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आला आणि व्हिपच्या, म्हणजे पक्षाच्या मतदान-आदेशाच्या विरोधात मत दिलं की आमदारकी-खासदारकीच धोक्यात, त्यामुळे सत्ताधारी पक्षातल्या मागच्या बाकावरच्यांना मतदानात फारशी जागाच उरली नाही. प्रश्न विचारायला मात्र व्हिप आडवा येत नाही, वापरत नाहीत तो भाग वेगळा.

सोलापूर शहरात माकपचे नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांचंही तेच, १९७८, १९९५, २००४ असे तीनदा आमदार, मंत्री कधीच नाही. सभागृहात आणि रस्त्यावर दोन्हीकडे बिडी कामगार बायकांच्या घरांचा विषय लावून धरला, आणि २००६ ला सोलापूरजवळच्या कुंभारीत १० हजार घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान आले होते.