मोशन सेन्सर : घरातील आणि कामाच्या जागेतील निवड व मांडणी

हालचाल टिपून दिवा, एक्झॉस्ट पंखा किंवा चोरघंटा आपोआप सुरू करणारे उपकरण. जिन्यातले आणि पोर्चमधले बहुतेक सेन्सर ‘पीआयआर’ (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे असतात. हा सेन्सर स्वतः किरण सोडत नाही. शरीरातून निघणारे, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण तो ओळखतो. पुढच्या दुधी प्लास्टिकच्या फ्रेनेल भिंगामुळे समोरच्या जागेचे अदृश्य पट्टे पडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या दोन घटकांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक होतो आणि दिवा लागतो. त्यामुळे आडवा जाणारा माणूस चटकन टिपला जातो, सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येणारा उशिरा. दाराच्या अगदी समोरच्या भिंतीपेक्षा बाजूची भिंत चांगली ती याचसाठी. उंची २ ते २.५ मीटर ठेवतात.

सगळी मदार अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातील फरकावर आहे, आणि नागपुरात नेमकी तिथेच अडचण येते. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याही पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्री निवत निवत त्याच तापमानाला येऊन थांबतात. तेव्हा सेन्सरला माणूस आणि भिंत जवळजवळ सारखीच दिसतात आणि त्याचा पल्ला घटतो. भर दुपारी भिंत अंगापेक्षा बरीच गरम असेल, तर उलट दिशेचा का होईना, फरक पुन्हा मिळतो. म्हणून बंद जिन्यासाठी किंवा वरच्या मजल्यासाठी सेन्सर घेताना तापमान-भरपाईची (भोवतालचे तापमान पाहून संवेदनशीलता आपोआप वाढवण्याची) सोय असलेलाच घ्यावा आणि तो जानेवारीत नव्हे, मेच्या रात्री तपासावा. हिवाळ्यात साधा सेन्सरही उत्तम चालतो आणि खरेदी करणाऱ्याची फसगत होते.

कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. नुसती वाहती हवा पीआयआरला दिसत नाही, पण झोताने हलणारा, गार-गरम होणारा पडदा दिसतो. कूलरची खिडकी आणि तिचा पडदा सेन्सरच्या नजरेबाहेर ठेवावा. थेट ऊन, चुलीची किंवा गॅसची आच यांनाही हाच नियम. भिंगावर बसलेली पाल किंवा कोळ्याचे जाळे हे रात्री दिवा उगाच लागण्याचे नेहमीचे कारण. भिंग कोरड्या फडक्याने पुसावे.

मायक्रोवेव्ह सेन्सर लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून हालचाल ओळखतो. बाजारात बहुधा ५.८ गिगाहर्ट्झचा मिळतो. उन्हाळ्याचा त्याला त्रास नाही, पार्किंगसाठी तो चांगला. मात्र त्याच्या लहरी काच, प्लायवूड आणि पातळ भिंत पार करतात, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसानेही आपला दिवा लागू शकतो. फिरता सीलिंग फॅनही त्याला हालचालच वाटते. वर्षातले बरेच महिने पंखा चालू असणाऱ्या घरात ही मोठीच उणीव.

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील टिनाच्या उंच शेडमध्ये घरगुती सेन्सर लावण्यात अर्थ नाही. उंच छतासाठी बनवलेला सेन्सर घ्यावा; धातूवरून लहरी परावर्तित होतात, म्हणून मायक्रोवेव्हची संवेदनशीलता कमी ठेवावी. चोरघंटेसाठी दोन्ही तंत्रे एकत्र असलेला सेन्सर सर्वांत भरवशाचा, कारण दोन्हींनी एकाच वेळी होकार दिल्याशिवाय तो वाजत नाही. कार्यालयात माणसे टेबलाशी स्थिर बसतात. पीआयआर त्यांना रिकामी खुर्ची समजून अंधार करतो. तिथे श्वासाची हालचालही टिपणारा २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचा मिलिमीटर-लहरी सेन्सर योग्य, अन्यथा दिवा विझण्याची वेळ १०-१५ मिनिटांवर ठेवावी. जिन्यात १ मिनिट पुरते, पण वयस्कर माणसे असतील तर ३ मिनिटे द्यावीत. अर्ध्या पायऱ्यांवर अंधार होणे धोक्याचे आहे.

जुन्या घरांत स्विचबोर्डपर्यंत न्यूट्रलची तार बऱ्याचदा आणलेली नसते, आणि पुष्कळ सेन्सरना ती लागते. खरेदीपूर्वी वायरमनकडून बोर्ड उघडून पाहून घ्यावा. वीज परत आल्यावर पीआयआर स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट घेतो. तेवढ्यात दिवा आपोआप लागला तर तो बिघाड नव्हे.