गोळीच्या धक्क्याने रानडुक्कर उडून पडत नाही

कोकणात काजूबागेत शिरणाऱ्या रानडुकरांचा विषय निघाला की, ‘गोळी जितकी जड, तितके जनावर उडून पडते’ हे हमखास ऐकू येते. ते खरे नाही. मोठ्या शिकारीच्या .३७५ रायफलची सुमारे १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७५० मीटर वेगाने लागली, तरी १०० किलोच्या डुकराला ती सेकंदाला जेमतेम १४ सेंटिमीटर वेगाने ढकलेल. जनावर जागीच कोसळते ते मेंदू किंवा मणका फुटल्यामुळे. हृदयात गोळी लागलेले डुक्करही करवंदीच्या जाळीत बरेच आत धावते. म्हणून परवानगीने मारतानाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विनापरवाना शिकार गुन्हा आहे, वजनाइतकीच गोळीची बांधणी पाहावी. पातळ आवरणाची मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते आणि जखमी जनावर हालहाल होऊन मरते.